आतला मार

समस्त गिरगावकर बंधुभगिनींस, तसेच दादर, परळ व लालबाग येथील आप्तेष्टांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सेहेचाळीस वर्षे एक दिवसही रजा न घेता सेवा बजावलेली आमची कंबर चाळीच्या जिन्यातील दुसऱ्या वळणावर सकाळी साडेदहाच्या सुमारास कामास आली. तिच्यामागे एक डावा पाय, एक पत्नी आणि बरेचसे खोटे बोलणे असा परिवार आहे.

हे निवेदन मी त्याच दिवशी काढायला हवं होतं. काढलं नाही. आज सहा वर्षांनी काढतो आहे, कारण गेल्या महिन्यात प्रभादेवीहून एक गृहस्थ आले. एका बाजूला कललेले, पायात कळ, चेहऱ्यावर मला चांगली ओळखीची भीती. म्हणाले, "नाना, तुम्ही यातून उठलात कसे, ते सांगा." मी त्यांना तेल सांगितलं, फळी सांगितली, मालिश सांगितलं. मधलं सगळं गाळलं. ते आभार मानून गेले आणि जिन्यात त्यांची पावलं वाजेनाशी होईपर्यंत मला वाटत राहिलं की मी त्यांना अर्धंच औषध दिलं.

उरलेलं अर्धं हे असं आहे.

जिना

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुंबई कुणाची, हा प्रश्न आमच्या चाळीपुरता केव्हाच सुटला होता. राहिला होता तो दिल्लीपुरता. मी चाळीचा नट. गणपतीत नाटक बसवायचं ते मी, सत्यनारायणाला नकला करायच्या त्या मी. साहजिकच चळवळ सुरू झाल्यावर गच्चीवरची भाषणंही माझ्याकडे आली. हात वर करून मी म्हणायचो, "पाठ दाखवणाऱ्यांचं हे शहर नव्हे." टाळ्या पडायच्या. समोरच्या चाळीतूनही पडायच्या.

त्या सकाळी चाळीतले पुरुष मोर्चाला निघाले. चाळ कमिटीचे चिटणीस बापू दारात येऊन म्हणाले, "नाना, चला."

मी म्हणालो, "व्हा पुढे, मी चप्पल घालतो."

चप्पल घातली. ती घालायला जितका वेळ लावता येतो तितका लावला, पण घातली. उतरूही लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो आणि रस्त्याकडून आवाज आला. फट्. मग पुन्हा फट्, आणि पळणाऱ्या माणसांचा गलका. तो अश्रुधूर होता असं नंतर कळलं. मी तेव्हा चौकशीला थांबलो नाही. डावा पाय खालच्या पायरीवर होता, उजवा वरच्या. मी वर पळण्यासाठी गरकन मागे वळलो आणि कंबरेत कुणीतरी ओली सुतळी तोडावी तसं झालं. पुढचं मला आठवतं ते पायरीच्या दगडावर टेकलेलं माझं नाक.

तासाभराने माणसं परतू लागली. बापूंच्या डोळ्यांवर ओला रुमाल होता. मला पालथा पडलेला पाहून ते ओरडले, "अरे, नानांना काठी बसली. तसेच कसेबसे इथवर आले."

मी फक्त कण्हलो. कण्हणं खरं होतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

खाट

परळच्या हॉस्पिटलात त्या दिवशी खाटा पुरत नव्हत्या. मला मिळाली. शेजारच्या खाटेवर डोक्याला पट्टी बांधलेला एक गिरणी कामगार होता. तो पहिले दोन दिवस एक शब्द बोलला नाही. मी दोन्ही दिवस बोलत होतो.

तिसऱ्या सकाळी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले. माझ्या मणक्यांचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडात धरून ते त्यांना इंग्रजीत शिकवू लागले. बाहेरून मार लागल्याची खूण कुठेही नाही. दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे आणि ती पायाकडे जाणारी शीर दाबते आहे. असं बहुधा एकाएकी वळल्याने होतं. विद्यार्थ्यांनी माना हलवल्या. मला इंग्रजी चांगलं येतं. कचेरीत मी त्याचीच भाकरी खात होतो. माझ्या बायकोला, सुमतीला, येत नव्हतं.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

मी क्षणभर थांबलो. या क्षणभराबद्दल मी स्वतःला सर्वात जास्त दोष देतो, कारण जिन्यात विचार करायला वेळ नव्हता आणि इथे होता. मी म्हणालो, "म्हणतात, मार आतून आहे. म्हणून वर वळ दिसत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. माझं पायातल्या कळेचं होतं.

हॉस्पिटलाचा दिवस पहाटे काखेत थर्मामीटर खुपसून सुरू व्हायचा. मग पातळ चहा, मग पलंगावरच सगळे विधी, मग पायाला बांधलेली वजनं. दोन आठवडे मी माझा पाय दोरीच्या टोकाला पाहत होतो. एक आया होती. जाता-येता कुणी न सांगता ती माझ्या टाचेखालची चादरीची घडी सरळ करून जायची. दुखण्यात माणूस किती लहान गोष्टीवर जगतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या टाचेखाली चौदा दिवस घडी आलेली नाही.

चार ते सहा भेटीची वेळ. चाळ लोटायची. संत्री यायची. मी सांगायचो. पहिल्या दिवशी एक काठी होती. रविवारपर्यंत दोन झाल्या. दुसऱ्या आठवड्यात घोडा आला. घोडा आला त्या संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाने कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याच्या उशाशी संत्री नव्हती. मी ती पाहिली नाहीत असं नाही. नसलेली संत्रीसुद्धा दिसतात.

सहा वाजता सगळे गेले की भीती यायची. माझ्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता. डॉक्टरांनी एकट्याला सांगितलं होतं, "पुन्हा सरळ चालाल की नाही, आज सांगता येणार नाही." मी अंगठ्याकडे बघून म्हणायचो, वर ये. तो यायचा नाही. माझ्या बोलण्याचा श्रोत्यांवर काहीच परिणाम झाला नाही, असा आयुष्यातला तो पहिला प्रसंग.

फळी

घरी आलो तो फळीवर. ओल्या फडक्याने अंग पुसणं, भांडं देणं-घेणं, कुशीवर वळवणं, सगळं सुमती करायची. वर मी भाजीत मीठ कमी म्हणून तिच्यावर खेकसायचो. ती एकदाही उलटून बोलली नाही. तिच्या लेखी हे दुखणं महाराष्ट्राचं होतं. मी तिला खरं सांगितलं असतं, तर तिला निदान एखादं भांडं आपटता आलं असतं. तोही तिचा हक्क मी लाटला.

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून परळहून तांबे येऊ लागले. आठवड्यातून तीन सकाळी. पूर्वी गिरणीत माग चालवायचे, तालमीत पैलवानांच्या अंगाला तेल लावता लावता हात बसलेला. आज मी 'ते तांबे' लिहितो आहे. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला अहो-जाहो. आमच्या वयात अंतर दोन वर्षांचं, तेही त्यांच्या बाजूने.

पहिल्या दिवशी सुमतीने चौकशी केली. आडनावावरून कळेना म्हणून गाव विचारलं. गावावरून कळेना म्हणून वाडी विचारली. तांबे यांनी वाडी सांगितली, सरळ तिच्याकडे बघून. त्यानंतर चहा झाला आणि त्यांचा कप खिडकीत गेला. कान तुटलेला, निळ्या काठाचा. तो तिथेच राहायचा, तिथेच विसळला जायचा. मी पालथा होतो. पालथ्या माणसाला काही दिसत नाही, अशी एक सोयीची समजूत आहे. माझं तोंड खिडकीकडेच असायचं.

हात

तांबे यांनी तिळाचं तेल कोमट करून घेतलं, हातांवर चोळलं, दोन्ही तळवे माझ्या कंबरेवर ठेवले आणि तसेच थांबले.

"सुरू कर की रे," मी म्हणालो.

"थांबा. बघू द्या."

बराच वेळ गेला. मग ते वाकले आणि सुमतीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "नाना, इथं काठी नाय बसलेली."

मी कान स्वयंपाकघराकडे लावला.

"काठीचं दुखणं वर असतं. गाठ धरतं. ह्ये आत हाय. वळताना गेलंय. उजवीकडं, घाईत."

स्वयंपाकघरात सुमती भाकरी थापत होती. थापेचा आवाज थांबला की माझा श्वास थांबायचा. मी कुजबुजलो, "कुणाला सांगू नकोस."

"लोकांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा," तांबे म्हणाले. "मला फकस्त पाय कुठं होता ते सांगा. त्याबिगर कुठली बाजू सोडवायची, कळायचं नाय."

उशीत तोंड खुपसून मी आयुष्यातला पहिला खरा कबुलीजबाब दिला. डावा पाय खाली, उजवा वर, आणि तोंड पळायच्या दिशेला. तांबे हसले नाहीत. "हां," म्हणाले, आणि त्यांचा अंगठा नेमका तिथे गेला जिथे सहा आठवडे कुणी पोचलं नव्हतं. मी जो ओरडलो त्यात नाटक नव्हतं. सुमती पिठाच्या हातांनी धावत आली. तांबे तिला म्हणाले, "काय नाय वहिनी. सापडलं."

मालिशच्या पाचव्या आठवड्यात एका सकाळी अंगठा उचलला गेला. बोटभरसुद्धा नाही, नखभर. तांबे यांनीच पाहिलं. "वहिनी, इकडं या," म्हणाले. सुमती आली आणि आम्ही तिघं त्या अंगठ्याकडे असे बघत राहिलो की जणू तो काहीतरी बोलणार होता.

पुढे त्यांनी मला उभं केलं, चालवलं आणि वळायला शिकवलं. आधी पाय फिरवायचा, मग कंबर. माझा जन्माचा स्वभाव आधी तोंड फिरवण्याचा. चुकलो की ते दबक्या आवाजात म्हणायचे, "जिन्यासारखं नको, नाना. जिन्यासारखं नको." हे शब्द आमच्या दोघांतले होते. सुमतीला वाटायचं, ते जिना चढण्याबद्दल बोलताहेत.

खांदा

जूनच्या सुमाराची गोष्ट. तांबे माझ्या पाठीवर होते आणि सुमतीने चहाचं पातेलं त्यांच्या डाव्या हाताशी आणलं. त्यांनी उजवा हात अंगावरून वळवून कप पुढे केला. हे तिने पूर्वीही पाहिलं असणार. त्या दिवशी विचारलं.

"तांबे, डाव्या खांद्याला काय झालंय तुमच्या?"

"लागलंय वहिनी."

"कधी?"

"त्याच दिवशी. परळ नाक्यावर. एक बाई पडली व्हती, तिला उचलाया वाकलो." ते म्हणाले, "हात वर जात नाय. मागावर मग काय उपयोग? म्हणून ह्ये."

मला वाटलं, फळी माझ्यासकट खाली जावी. पण सुमतीचा चेहरा उजळला होता. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हा दोघांनाही एकाच दिवशी काठी बसली."

माझ्या पाठीवरचे हात थांबले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. माझा जीव त्या दोन तळव्यांखाली होता. ते एवढंच म्हणाले असते की नाही वहिनी, तर संपलं होतं, आणि म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

"व्हय वहिनी," तांबे म्हणाले. "दोघांनाबी."

आणि हात पुन्हा चालू लागले. जराही जास्त दाब न देता. तो दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या खेपेपासून त्यांना आमच्या रोजच्या कपातून चहा मिळू लागला. सुमतीने निळ्या काठाचा कप उचलून फडताळावर टाकला. मला म्हणाली, "तुमच्यासारखाच मार खाल्लाय त्यांनी. त्यांना खिडकीत काय ठेवायचं?" एका घरातला एक कप एका खोट्यामुळे हलला. ते खोटं मोडलं तर कप परत जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गप्प राहण्याला परोपकाराचं नाव दिलं.

निमंत्रण

श्रावणात बापू आले. गणपतीत चाळीतल्या मार खाल्लेल्यांचा सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ आणि भाषण. दोघातिघांना किरकोळ लागलं होतं. मुख्य सत्कारमूर्ती मी.

मी ठरवलं, नाही म्हणायचं. मग ठरवलं, हो म्हणायचं आणि तिथे उभं राहून सगळं कबूल करायचं. दोन्ही भाषणं पाठ केली, खरं आणि दुसरं. आणि सत्काराच्या दोन दिवस आधी, पालथा पडल्या पडल्या, मी तांबे यांना विचारलं, "काठी बसते तेव्हा नेमकं काय होतं रे?"

त्यांनी हातावर पुन्हा तेल घेतलं. मग म्हणाले, "आधी आवाज येतो. वाटतं, शेजारच्याला बसली. मग हात गरम हुतो. मग हात आपला ऱ्हात नाय."

"वा," मी म्हणालो.

नटाच्या तोंडी चांगलं वाक्य आलं की विंगेतून आपण म्हणतो, तसं. ते वा आजही मध्येच कानात वाजतं आणि मी रस्त्यात एकटाच मान खाली घालतो.

मी त्यांना सत्काराला बोलावलंही. "ये, बघ तुझं काम कसं उभं राहतं ते."

नंतरचं, आधी

त्या संध्याकाळी काय झालं ते शेवटी सांगतो. नंतरचं आधी सांगून टाकतो, कारण ती संध्याकाळ सांगितल्यावर माझ्याच्याने पुढे लिहवणार नाही.

चाळीला सगळं कळलं. ओरड कुणी केली नाही. त्याहून वाईट झालं. बापू पुढे कधीही, बाजाराला निघताना भेटोत की मयताला, मला एकच वाक्य म्हणू लागले, "नाना, व्हा पुढे, मी चप्पल घालतो." अजून म्हणतात. मी होतो पुढे.

सुमती आठ दिवस बोलली नाही. दुसऱ्या सकाळी माझा चहा आला तो निळ्या काठाच्या, कान तुटक्या कपात, आणि तो खिडकीत ठेवलेला होता. मी पुन्हा फळीवर होतो, हात पुरेना. सरपटत गेलो आणि प्यालो. तीन महिने तो माझा कप होता. नवव्या दिवशी ती पहिलं वाक्य बोलली, "संत्री तरी त्या शेजारच्या खाटेवर द्यायची होतीत." दुसरं वाक्य त्यानंतर दोन दिवसांनी.

तांबे आलेच नाहीत. पंधरा दिवस वाट पाहून मी सुमतीच्या खांद्यावर हात टाकून परळला गेलो, सत्काराची शाल काखेत घेऊन. त्यांच्या चाळीचा जिना चढायला मला पाऊण तास लागला. खोलीत गेलो तर तांबे उठून उभे राहिले, आणि माझ्या आधी तेच म्हणाले, "नाना, तोंडातून गेलं. तसं मनात नव्हतं."

माफी तो माणूस मागत होता. मी शाल पुढे केली, कारण तोंडातून शब्द निघेना. माझ्या तोंडातून, लक्षात घ्या. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली. "खांद्यावर ठरायची नाय माझ्या. घसरल. तुम्ही पालथं पडता तवा पोटाखाली घ्यायला बरी हाय." त्यांच्या बायकोने चहा दिला. चौघांचे कप सारखे होते. सुमती आपल्या कपाकडे बघत होती, आणि तिला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं.

उठताना तीच म्हणाली, "तांबे, खांद्याला तेल कोण लावतं तुमच्या?"

"हात पोचत नाय वहिनी. हिला गिरणीतून आल्यावर कुठं ताकद?"

सुमती माझ्याकडे वळली. "तुमचे दोन्ही हात धड आहेत."

तेव्हापासून रविवार सकाळ परळची. आधी ते माझी कंबर सोडवतात, मग मी त्यांच्या खांद्याला बसतो. त्या खांद्यावर माझा तळवा पहिल्यांदा ठेवला तेव्हा हाडाखाली एक गाठ लागली, सुपारीएवढी, घट्ट. काठीचं दुखणं वर असतं, गाठ धरतं. मी हात काढून घेतला. ते म्हणाले, "ठेवा. घाबरता काय?" त्याच वर्षी त्यांच्या घराने दीक्षा घेतली, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि तिच्यासमोर पालथं पडून मी वादात पुष्कळदा उताणा पडलो आहे. महाराष्ट्र झाला तो दिवस रविवारच होता. मी तेलाच्या हातांनीच मिरवणुकीचा आवाज ऐकला. सहा वर्षांत त्यांचा हात कानापर्यंत वर जाऊ लागला आहे, त्याहून वर नाही. मला अजूनही ऐकवतात, "नाना, हा खांदा हाय, शिक्का मारायचा कागद नव्हं."

तेव्हा प्रभादेवीकर, तुम्हाला राहिलेलं सांगतो. मालिश हे दुखणं उठल्यावर बोलवायचा मांत्रिक नव्हे. दात घासावे तसं ते आयुष्यभर करावं लागतं, बरं असतानासुद्धा. तेल कोमट असू द्या. दुखतं तिथे ओरडा, लाजू नका. न ओरडणाऱ्याच्या अंगात मालिशवाल्याला रस्ता सापडत नाही. वळताना आधी पाय. घरातलं माणूस थकतं, त्याला भांडं आपटू द्या. आणि कसं झालं ते सगळ्या जगाला खोटं सांगा हवं तर, पण ज्याचे हात पाठीवर आहेत त्याला खरं सांगा. तो तसाही ओळखतो.

ती संध्याकाळ

चाळीच्या चौकात मांडव, गणपतीसमोर पाट मांडलेला, कोपऱ्यावर भोंगा लावलेला. समोरच्या चाळीचे कठडेसुद्धा भरलेले. बापू माइकवर म्हणाले, "नानांच्या पाठीवर तुम्हाला वळ दिसणार नाही. कारण नानांचा मार आतला आहे." टाळ्या. माझ्या अंगावर शाल आली.

मी उभा राहिलो. सहा महिन्यांनी, इतक्या लोकांपुढे, सरळ. मांडवाच्या शेवटच्या बांबूशी तांबे उभे होते, उजव्या हाताने डावा कोपर धरून. खरं भाषण माझ्या ओठांवर होतं. शपथेवर सांगतो, पहिला शब्द मी उच्चारलाही होता. पण समोर एवढी माणसं श्वास रोखून बसलेली आणि मी जन्माचा नट. मी काठीवर आलो.

"आधी आवाज येतो," मी म्हणालो, आणि चौक गार झाला. "वाटतं, शेजारच्याला बसली. मग हात गरम होतो. मग हात आपला राहत नाही."

बांबूजवळ काही हललं नाही. मी तिकडे बघायचं टाळलं. पहिल्या ओळीत सुमतीने पदर डोळ्यांना लावला होता. मी आणखी चढलो. एक बाई पडली होती, म्हणालो. हो, तीसुद्धा मी घेतली. तिला वाचवायला मी कसा झेपावलो ते शब्दांत मावेना, म्हणून मी ते करून दाखवलं. माइक हातात धरून, उजवीकडे, गरकन वळलो.

ओली सुतळी पुन्हा तुटली. मी पाटावरून कोसळलो, शाल तोंडावर, नारळ घरंगळत बापूंच्या पायाशी. दहा जणांनी दहा दिशांनी मला ओढायला हात घातले. तेवढ्यात मांडवाच्या मागून आवाज आला, "हात लावू नका कुणी." माणसं बाजूला झाली. तांबे धावत आले, गुडघ्यावर बसले, एका हाताने माझी कंबर धरली आणि तळवा ठेवून थांबले, पहिल्या दिवशी थांबले होते तसे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या महिन्यांचं त्यांचं काम त्या तळव्याखाली मोडून पडलं होतं. माझ्या मुठीतला माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर होता आणि चालू होता. त्यांना ते दिसलं नाही. रागाने, काळजीने, आपल्याच माणसावर चिडावं तसं ते बोलले, आणि भोंग्याने ते चौकात, दोन्ही चाळींत आणि पार रस्त्यापर्यंत पोचवलं:

"किती येळा सांगितलं नाना, त्या दिवशी जिन्यातनं घाबरून घरात पळताना वळलात, तसं वळू नका म्हणून."